चुलीमागे एक कुत्रा

लोटन पाटलाच्या घरी कुत्री तीन असायची. एक दाराला, एक दावणीला आणि एक वावराला. त्यातलं एखादं मेलं, तर महिन्याच्या आत त्याच जागी दुसरं पिल्लू येऊन बसायचं.

हा आकडा लोटननं हौसेनं ठरवलेला नव्हता. एकावन्न साली घरात एकच कुत्रं होतं. हरभरा घाट्यावर आलेला, म्हणून लोटन त्याला घेऊन वावरात राखणीला गेला, आणि इकडे गोठ्यातून माळवी बैलांची जोडी गेली. सकाळी कापलेली दावी तेवढी सापडली. माग तापीच्या वाळूपर्यंत दिसला, पुढे पाणी. शहाद्यापासून नऊ मैलांवरच्या त्या गुजरांच्या गावात बैलांवरून माणसाची पत ठरायची. लोटननं त्या साली दुसऱ्याच्या बैलांवर पेरणी केली आणि पेरणी संपेपर्यंत मान वर केली नाही. मग एके दिवशी जेवताजेवता तो बायकोला म्हणाला, "आजपासून कुत्रासन्या तीन भाकरी जास्त टाकजो."

बायकोचं नाव सुगंधाबाई. तिनं का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून परातीत तीन मुठी पीठ जास्त पडू लागलं.

सुगंधाबाईचं नाव गावात दुसऱ्याच कारणानं घेतलं जायचं. तिच्यासारखी चूल कुणाला मांडता येत नव्हती. नदीच्या कडेची चिकण माती, गव्हाचा भुसा आणि गाईचं शेण एकत्र करून ती तीन दिवस पायानं तुडवायची. मग ओल्या हातानं चुलीचा एकेक कान असा उभा करायची, की वर तवा ठेवला तर भरलेली वाटी हलू नये. तिच्या चुलीला धूर कमी आणि जळण कमी. भाऊ वेगळे निघाले, की धाकटी सून आधी सुगंधाबाईचं दार गाठायची. गावात अशा चाळीसेक चुली तिच्या हातच्या होत्या, म्हणजे चाळीस घरं तिच्या डोळ्यांसमोर फुटली होती.

चूल मांडण्याआधी ती तीनदा विचारायची, "इचार कया का?" तिन्ही वेळा हो आलं, तरच मातीला हात लावायची. आणि उठताना एक नियम सांगून उठायची: चुलीवर दूध उतू गेलं, पहिली भाकर उतरली, की ती चूल वर्षाच्या आत मोडायची नाही. मोडली तर घराला लागतं. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. आज रुसून वेगळ्या, उद्या हसून एकत्र आणि परवा पुन्हा वेगळ्या होणाऱ्या सुनांना वैतागून तिनंच तो काढला होता. पण पंधरा-वीस वर्षांत तो गावाचा झाला. म्हाताऱ्या बायकासुद्धा तो आपल्या सासूकडून ऐकल्यासारखा सांगू लागल्या.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र चूल एकच होती. दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं, आणि सगळ्यांना एकाच तव्यावरची दादर ज्वारीची भाकर. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. "मन्हा हातनी चूल चाळीस घरमा शे," ती म्हणायची, "आनि मन्हा घरमा एकच."

छपन्न साली लोटन गेला. त्याच्या तिरडीमागं दाराचा कुत्रा भुऱ्या तापीच्या काठापर्यंत गेला आणि लोक परतल्यावरही संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिला. घरी आला तेव्हा सुगंधाबाईनं त्याची भाकर झाकून ठेवलेली होती. गोठ्यावर काळी होती. वावरात पहाड्या होता. तळोद्याच्या वरच्या डोंगरातून दिवाल्या नावाचा सालदार कामाला आला, तेव्हा त्यानं टोपलीत घालून आणलेलं ते पिल्लू. मोठं होऊन ते असं निघालं, की रानडुक्कर केळीच्या बागेला लांबून वळसा घालायचं.

एकोणसाठच्या वैशाखात गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. त्यानं तेल्याची म्हैस चावली आणि सरपंच हिंमतरावचा सख्खा पुतण्या चावला. पुतण्याला बैलगाडीनं शहाद्याला आणि तिथून एसटीनं धुळ्याला नेलं. पोटात चौदा इंजेक्शनं घेऊन तो वाचला. म्हैस मात्र खुंट्याला डोकं आपटून आपटून मेली, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं. त्या आठवड्यात बायका पाण्यालाही काठी घेऊन जात होत्या.

सोमवारी कोतवालानं दवंडी दिली. "ऐका हो ऐका! येत्या शनिवारले कुत्रासनी मोजणी! चुलीमागे एक कुत्रा! ज्याना गळामा पंचायतनी लाल चिंधी नही, त्याले पंचायतना लाडू!"

चुलीमागे एक, असं हिंमतरावनं मुद्दाम म्हटलं होतं. एकेका वाड्यात चार-चार भाऊ भिंती घालून राहत होते. घर मोजायचं तर कुणाचं मोजायचं? रॉकेलची, साखरेची चिठ्ठीसुद्धा चुलीवरच मिळायची. माणूस सरळ होता, आणि पुतण्याचे हाल त्यानं पाहिले होते.

लाडू गुळाचे होते आणि त्यांच्यात विष होतं. पण गावाच्या कुत्र्यांनी कोतवालाच्या हातून लाडू खाल्ला नसता. म्हणून पंचायतीनं ठरवलं, ज्याचा कुत्रा त्यानंच घालायचा. रोज भाकर टाकणाऱ्या हातानं.

त्या दिवशी संध्याकाळी सुगंधाबाईनं तिन्ही कुत्र्यांना भाकरी टाकल्या आणि उभी राहिली. भुऱ्यानं आपली तोंडात धरली आणि खाण्याआधी वर तिच्याकडं पाहिलं. ही त्याची जुनी खोड. ती आत गेली आणि तिनं दोन्ही मुलांना बोलावलं.

थोरला चुनीलाल हिशेबी माणूस. तो म्हणाला, "माय, भुऱ्या म्हतारा व्हयना. आते त्याले काय दिसस? पहाड्याले ठेव."

धाकटा धुडकू म्हणाला, "आनि काळी? गोठा कोन दखी?"

"तू शे ना," चुनीलाल म्हणाला.

"मी?"

"तू असा घोरस, की तो आवाज आयकीसन चोर पळी जातीन. कुत्रानं काय काम?"

थोरली सून जमनाबाई पदराआड हसली. धाकटी शांतीबाई हसली नाही, कारण तिनं जमनाबाईला सांगितलेली घोरण्याची गोष्ट चुनीलालपर्यंत कुणी नेली हे तिला त्या क्षणी कळलं. सुगंधाबाई दोघांकडं पाहत राहिली. "तिघंबी ऱ्हातीन," ती म्हणाली.

"कशा ऱ्हातीन? चुलीमागे एक शे."

"मी आयकी."

मंगळवारी तिनं बहिणीच्या गावी निरोप धाडला, एक कुत्रा न्या. बहिणीकडून उत्तर आलं, आमच्याकडंही दवंडी झाली. मग ती वावरात दिवाल्याकडं गेली. त्याच्या खोपीपुढं तीन दगडांची चूल होती. "पहाड्या तुन्हा नाववर लिख," ती म्हणाली. दिवाल्या ओशाळला. त्याच्या खोपीला त्याचं स्वतःचं कुत्रं होतं. "बाई, मन्ही चूल तं भरेल शे," तो म्हणाला.

हे ऐकून ती परत फिरली, ती घरी न जाता नदीच्या कडेला गेली. तिथं तिनं पदर खोचला आणि चिकण मातीची पहिली टोपली भरली.

चार दिवसांत चूल होत नाही. माती तीन दिवस तुडवायची आणि चूल आठ दिवस सावलीत वाळू द्यायची, हे ती चाळीस घरांना सांगत आली होती. या वेळी तिनं माती एकाच दिवसात तुडवली आणि बुधवारी दुपारी दोन नव्या चुली उभ्या केल्या. मुलांच्या सामाईक ओट्याच्या दोन टोकांना दोन. जमनाबाई आणि शांतीबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"आत्याबाई, हाई कोनासाठे?" शांतीबाईनं विचारलं.

"तुम्हनासाठे. एक तुन्ही, एक हिन्ही. जुनी मन्ही. शनिवारले तिन्ही पेटाडानी, तीन कुत्रा लिखी लेवाना, रविवारले दोन मोडी टाकानी."

एरवी जे तीनदा विचारण्याबद्दल तिची ख्याती होती, ते त्या दिवशी तिला कुणी विचारलं नाही. ती स्वतः स्वतःला विचारायला विसरली.

वैशाखातलं ऊन होतं, तरी चुली आतून ओल्याच राहिल्या. शनिवारी सकाळी हिंमतराव आणि कोतवाल लाल चिंध्यांचं गाठोडं घेऊन दारी आले. सरपंच ओट्यावर चढला आणि थबकला.

"काकू, हाई काय? कधी येगळा व्हयनात?"

"आज."

"भांडन व्हयनं का?"

"नही."

"मंग?"

"चुलीमागे एक कुत्रा, अशी दवंडी दिधी ना तू? मोजी ले."

हिंमतरावनं चुलींना हात लावून पाहिला. त्याच्या आईची चूल सुगंधाबाईनंच मांडली होती, हे तो जाणून होता. "मातीनी चूल कोनीबी मांडस, काकू," तो हळूच म्हणाला. "पेटाले पाहिजे. भाकर उतराले पाहिजे. नहीतं मंग सगळा गाव चुली मांडी, आनि मी चिंध्या कोठेन आनू?"

"उतरी," सुगंधाबाई म्हणाली. "बठ."

तो बसला. तिन्ही चुली पेटल्या. दूध ठेवलं, तिन्ही ठिकाणी उतू गेलं. ओल्या मातीतून वाफा निघू लागल्या. जमनाबाईनं आपल्या चुलीवर भाकर टाकली. तिच्या तोंडावर धग आली आणि ती मागं सरली नाही. लग्न होऊन तेरा वर्षं झाली होती, पण तव्यावर पहिली भाकर टाकायचा मान तिला आजवर मिळाला नव्हता. शांतीबाईची भाकर फुगली. तेवढ्यात सुगंधाबाईनं सरपंचाला दिसावी म्हणून घाईनं पुढं ओट्यावर सरकवलेली जुनी चूल, जिला वर्षानुवर्षं कुणी हलवलं नव्हतं, ती एका कोपऱ्यात तडकली. तवा कलंडला. तिनं हातानंच तो सावरला, आणि भाकर मोडली नाही.

"तिन्ही उतरन्यात," कोतवाल म्हणाला.

भुऱ्याच्या, काळीच्या आणि पहाड्याच्या गळ्यात लाल चिंध्या बांधल्या गेल्या. त्या दिवशी गावात सत्तावीस कुत्री लाडू खाऊन पडली. संध्याकाळी ओट्यांवर कुणी बसलं नाही. सुगंधाबाईची तिन्ही कुत्री आपापल्या जागी होती आणि ती स्वतः चुलीच्या फटीत माती भरत बसली.

रविवारी सकाळी ती पहार घेऊन ओट्यावर आली.

जमनाबाई आपल्या चुलीपुढं बसली होती. चहा उकळत होता. "आत्याबाई," ती उठली नाही, आवाजही चढवला नाही, "पेटेल चूल वरीसना आत मोडतस नही. तुम्हीच सांगतस ना सगळासले?"

सुगंधाबाईनं शांतीबाईकडं पाहिलं. शांतीबाई चुलीत काटकी सारत होती आणि वर पाहत नव्हती.

"घरले लागस," जमनाबाई म्हणाली.

सुगंधाबाईला उत्तर सुचलं होतं. तो नियम मीच काढला, मीच मोडते, असं तिला म्हणता आलं असतं. पण चाळीस घरांत ज्या बाया एकेका भांडणात तो शब्द धरून वर्षभर थांबल्या होत्या, त्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. तिनं पहार भिंतीला टेकवली. त्या संध्याकाळी तिनं आपल्या चुलीवर सवयीनं दहा माणसांचं पीठ मळलं. परातीकडं पाहिल्यावर तिला आपली चूक कळली. एक भाकर तिनं खाल्ली, एक भुऱ्याला टाकली, आणि उरलेली कणीक सकाळी गाईला घातली.

वर्ष काही वाईट गेलं नाही. वावर एकत्रच होतं, बैल एकत्रच होते. शांतीबाईच्या माहेरी नवापूरकडं तिखट कमी खायचे, तिनं तसं रांधायला सुरुवात केली आणि धुडकूची पोटदुखी गेली. जमनाबाई पहाटे उठून भाकरी करून मोकळी व्हायची, हे तिला आवडत होतं हे आजवर कुणाला माहीतच नव्हतं. लेकरं तिन्ही चुलींपुढं फिरायची आणि जिथं गोड दिसेल तिथं बसायची. पुढच्या वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. झोके बांधले गेले, माहेरवाशिणींची गाणी झाली. सुगंधाबाईला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, चुली मोडू. तिनं आठ दिवस वाट पाहिली. कुणी म्हणालं नाही. आपण म्हणावं, असं तिच्याही जिभेवर आलं नाही. लावलेली माती आपल्या हातची होती, हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

त्यानंतर तिनं गावात चुली मांडायला जाणं कमी केलं. कुणी अगदीच गळ घातली तर जायची. तीनदा विचारायची, पण वर्षाचा नियम सांगायची नाही. कुणाला कळलंही नाही, कारण तो आता तिच्या सांगण्यावर अवलंबून नव्हता.

एकसष्ट साली रानडुकरानं पहाड्याचं पोट फाडलं. दिवाल्यानं त्याला केळीच्या बागेतच पुरलं आणि त्या जागी त्या साली त्यानं खुरपं घातलं नाही. त्रेसष्टला काळी गेली. चौसष्टच्या थंडीत भुऱ्या. शेवटच्या महिन्यात तो अगदी आंधळा झाला होता. ती भाकर दुधात कुस्करून त्याच्या नाकाजवळ धरायची, आणि तो खाण्याआधी तिच्या दिशेनं मान वर करायचा.

भुऱ्याला पुरून आल्यावर संध्याकाळी तिनं दोन्ही मुलांना आणि सुनांना ओट्यावर बसवलं. पाच वर्षांत तिनं असं कधी बसवलं नव्हतं.

"ज्यासनासाठे चुली मांड्यात, त्या तिघंबी ग्यात," ती म्हणाली. "आते?"

चुनीलालनं धुडकूकडं पाहिलं. धुडकू पायाच्या अंगठ्यानं ओट्याचं शेण उकरत होता. मग शांतीबाई म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही आमन्याकडे जेवा ना."

"आमन्याकडेबी," जमनाबाई लगेच म्हणाली.

"मी जेवानं इचारं नही," सुगंधाबाई म्हणाली.

त्याच वेळी जमनाबाईच्या दारातलं पिवळं कुत्रं आणि शांतीबाईच्या दारातली ठिपक्यांची कुत्री, दोन्ही शेपट्या हलवत ओट्यापाशी आली. जेवायची वेळ झाली होती. पंचायतीच्या चिंध्या केव्हाच्या कुजून गेल्या होत्या. मोजणी पुन्हा झालीच नव्हती. घरात पुन्हा कुत्री आली होती, आणि ती आपापल्या चुलीची होती. सुगंधाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि तिला मिळायचं ते उत्तर मिळालं. "जा," ती म्हणाली, "तवा तापना व्हई."

तिनं आपली चूल मोडली नाही. सवयीनं पीठ जास्तच मळलं जायचं, आणि आता भाकर खायला भुऱ्या नव्हता. पहिल्या दिवशी ती भाकर तिनं पिवळ्याला टाकली. मग ठिपकीला. ठिपकीला पिल्लं झाली तेव्हा तीही आली. दिवे लागायच्या आधी सगळी कुत्री सुगंधाबाईच्या तडकलेल्या चुलीपुढं येऊन बसायची, आणि दोन्ही सुना म्हणायच्या, "आत्याबाई, तुम्ही आमना कुत्रासले बिघाडी टाकं." ती ऐकून घ्यायची आणि भाकर मोडायची. लोटनचा आकडा तिनं सोडून दिला होता. नवा ठरवला नव्हता. जेवढी येतील तेवढी.

अडुसष्टच्या आषाढात सुगंधाबाई दोन दिवसांच्या तापात गेली. तिच्या हातची शेवटची चूल गावात कुणाची, यावर अंत्ययात्रेला जमलेल्या दोन बायकांचं थोडं बिनसलं.

सुतकात घरात चूल पेटत नाही. भाऊबंदांच्या घरून जेवण आलं. पिठलं, भाकरी, भात, सगळं आलं. माणसं जेवली. चौथ्या दिवशी दुपारी शांतीबाई ओट्यावर आली तेव्हा तिला कुत्री दिसली. ती सगळी सासूच्या थंड चुलीपुढं रांगेनं बसली होती. भाऊबंदांनी माणसांचं आणलं होतं, कुत्र्यांचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

शांतीबाईनं आत जाऊन पीठ आणलं आणि चूल पेटवली. फट धुरानं काळी झाली होती, त्यातून थोडा धूर बाहेर आला.

"अगं, सुतक शे," चुनीलाल दारातून म्हणाला. "आनि ती चूल आते मोडानी शे. जागा अडस."

"पेटी गयी," शांतीबाई म्हणाली. "आते वरीस व्हवू द्या."

चुनीलाल गोठ्याकडं निघून गेला. थोड्या वेळानं जमनाबाई आली. ती तिथं बसेल असं शांतीबाईला वाटलं नव्हतं. जावा एका चुलीपुढं बसल्याला नऊ वर्षं झाली होती. जमनाबाईनं परात पुढं ओढली आणि कणकेचा गोळा हातात घेतला.

"कितल्या टाकू?"

शांतीबाईनं मान वळवून रांगेकडं पाहिलं.

"पाच."